ट्रॉफी नाही म्हणजे खेळाडू महान नाही? विदर्भाच्या रणजी विजयातून समजून घ्या

“ते सगळं ठीक आहे, पण ट्रॉफ्या किती?”

महान खेळाडू कोण, यावर वाद सुरू झाला की हा प्रश्न येतोच. बास्केटबॉलचे चाहते वर्षानुवर्षं मायकल जॉर्डन आणि लेब्रॉन जेम्सवरून भांडतायत. एनबीएमध्ये सर्वाधिक गुण लेब्रॉनच्या नावावर आहेत. पण जॉर्डनची विजेतेपदं सहा आणि लेब्रॉनची चार, एवढं सांगून जॉर्डनवाले विषय संपवतात.

हेच माप आता आपण क्रिकेटलाही लावतो. ते बरोबर आहे का? त्याचं उत्तर शोधायला अमेरिकेत जायची गरज नाही. नागपूरहून वर्ध्याला येताना वाटेत जामठ्याचं स्टेडियम लागतं. २ मार्च २०२५ रोजी तिथेच विदर्भानं केरळला मागे टाकून तिसऱ्यांदा रणजी करंडक उचलला.

बास्केटबॉलमध्ये ट्रॉफ्या का मोजतात?

बास्केटबॉलमध्ये एका संघाचे मैदानावर पाचच खेळाडू असतात. एनबीएचा सामना ४८ मिनिटांचा असतो आणि मोठा खेळाडू त्यातली ३५ ते ४० मिनिटं सहज खेळतो. गुणही तोच करतो आणि समोरच्याला अडवतोही तोच. त्यामुळे एकट्याच्या खेळानं निकाल फिरू शकतो.

पण तिथेही हे माप पूर्ण लागू होत नाही. रॉबर्ट हॉरीकडे सात विजेतेपदं आहेत, म्हणजे जॉर्डनपेक्षा एक जास्त. तरी हॉरीला जॉर्डनपेक्षा मोठा खेळाडू कुणी म्हणत नाही.

क्रिकेटमध्ये हे माप का फसतं?

क्रिकेटमध्ये खेळाडू अकरा. फलंदाज बाद झाला की त्या डावात त्याची बॅट म्यानच. एका गोलंदाजाला लागोपाठ दोन षटकं टाकता येत नाहीत आणि टी-ट्वेंटीत तर त्याच्या वाट्याला चारच षटकं येतात. एकटा माणूस सामना एका टप्प्यापर्यंतच नेऊ शकतो.

करुण नायरचं उदाहरण घ्या. २०२४-२५ च्या विजय हजारे स्पर्धेत त्यानं विदर्भाकडून ८ डावांत ७७९ धावा केल्या, त्यात पाच शतकं. अंतिम सामन्यात तो २७ धावांवर बाद झाला आणि विदर्भ ३६ धावांनी हरला. जिंकलं कोण? त्याचंच जुनं राज्य, कर्नाटक.

दीड महिन्यात रणजीचा अंतिम सामना आला. विदर्भाची अवस्था ३ बाद २४. तिथून दानिश मालेवार आणि करुणनं २१५ धावांची भागीदारी केली. दानिशच्या १५३ धावा झाल्या, करुणनं ८६ आणि दुसऱ्या डावात १३५ केल्या. सामना अनिर्णित राहिला, पण पहिल्या डावातल्या ३७ धावांच्या आघाडीवर करंडक विदर्भाला मिळाला.

मग दीड महिन्यात करुण अचानक महान झाला का? नाही. त्या मोसमात यश राठोडनं ९६० धावा केल्या होत्या. हर्ष दुबेनं ६९ बळी घेऊन रणजीच्या एका मोसमातला विक्रम मोडला होता. ट्रॉफी या सगळ्यांची बेरीज होती.

वर्ध्याच्या दर्शनचं काय?

दर्शन नळकांडे हा वर्ध्यात जन्मलेला वेगवान गोलंदाज. नोव्हेंबर २०२१ मध्ये सय्यद मुश्ताक अली स्पर्धेच्या उपांत्य सामन्यात त्यानं कर्नाटकच्या चौघांना लागोपाठ चार चेंडूंवर बाद केलं, तेही शेवटच्या षटकात. विदर्भ तो सामना चार धावांनी हरला.

त्याआधी, २०१७-१८ च्या रणजी अंतिम सामन्यात रजनीश गुरबानीनं दिल्लीविरुद्ध इंदूरमध्ये हॅटट्रिक घेतली होती. तो सामना विदर्भानं जिंकला. म्हणून गुरबानीची हॅटट्रिक विदर्भाच्या इतिहासात पक्की बसली, आणि दर्शनचे चार चेंडू आज पटकन कुणाला आठवत नाहीत.

गुरबानीचं मोल यानं कमी होत नाही. पण दर्शनचे चार चेंडू काही वाईट पडले नव्हते. हरला तो संघ, आणि तोही चारच धावांनी. पुढे केरळविरुद्धच्या अंतिम सामन्यात पहिल्या डावात दर्शननं तीन बळी घेतले. जिथे करंडक ३७ धावांच्या आघाडीवर ठरला, तिथे त्या तीन बळींची किंमत तुम्हीच ठरवा.

मग संघाचा अभिमान कशाचा?

विदर्भ १९५७-५८ पासून रणजी खेळतोय. पहिला अंतिम सामना आणि पहिला करंडक दोन्ही मिळाले ते २०१७-१८ मध्ये, फैज फझल कर्णधार असताना. पुढच्याच मोसमात संघानं तो राखला. ‘मागास’ हा शब्द कायम ऐकणाऱ्या भागासाठी हे साधं नव्हतं.

“पण संघात बाहेरचेही खेळाडू होते ना?” होते. वसीम जाफर मुंबईचा, करुण कर्नाटकचा. आणि उलटंही झालं. विदर्भाच्या पहिल्या दोन विजेतेपदांतला आदित्य सरवटे २०२५ चा अंतिम सामना केरळकडून खेळला आणि त्यानं ७९ धावा केल्या. म्हणून आधीच्या दोन करंडकांतला त्याचा वाटा पुसला जात नाही.

वाद घालताना काय लक्षात ठेवायचं?

ट्रॉफी हा संघाच्या कामाचा पुरावा आहे. तिचा अभिमान सगळ्यांनी मिरवावा, अगदी जोरात. पण एका खेळाडूला मोजायचं असेल तर तीन गोष्टी बघा. समोर कोण होतं? सामना कुठल्या वळणावर होता? आणि त्याच्या हातात जेवढं होतं, तेवढं त्यानं केलं का?

पुढच्या वेळी कुणी “ट्रॉफ्या किती?” विचारलं, तर त्याला आधी रॉबर्ट हॉरी सांगा. मग दर्शनचे ते चार चेंडू सांगा.