जुन्या संगणकांचा घरगुती जीर्णोद्धार आणि लेखरक्षणाचा प्रश्न

वापरातून गेलेले संगणक मिळवावयाचे, घरच्या टेबलावर उघडावयाचे, त्यांतील बिघाड शोधावयाचे आणि ते पुन्हा चालते करावयाचे, असा एक छंद गेल्या काही वर्षांत जगभर रूढ झाला आहे. इंग्लंडमध्ये या वृत्तीने मोठी कामे पार पडली. दुसऱ्या महायुद्धातील ‘कोलोसस’ यंत्राची पुनर्रचना टोनी सेल यांनी १९९३ साली हाती घेतली व ती २००७ साली पूर्णत्वास गेली. प्रस्तुत विवेचनाचा विषय मात्र एवढा भव्य नाही. दिवसा अन्य व्यवसाय करणारा मनुष्य रात्री डाखाची सळई तापवून जो उद्योग करतो, त्याचे स्वरूप काय आणि विद्यापीठीय अभ्यासकाने त्याची दखल का घ्यावी, एवढाच प्रश्न येथे विचारात घ्यावयाचा आहे. हा केवळ यंत्रवेड्यांचा विरंगुळा होय, असा एक समज आहे. मराठी लेखनाचा निदान दीड-दोन दशकांचा भाग या विरंगुळ्यावर अवलंबून आहे, हे ध्यानात घेतल्यास तो समज टिकत नाही.

घरात जीर्णोद्धार करता येईल असा संगणक भारतात फार जुना असू शकत नाही. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने घडविलेला ‘टिफ्रॅक’ १९६० साली कार्यान्वित झाला आणि त्याच दशकाच्या मध्यास मोडीतही निघाला. परंतु ते यंत्र एक दालन व्यापणारे होते. घरगुती संगणकांचे युग ऐंशीच्या दशकात आले. १९८२ साली इंग्लंडात निघालेल्या सिंक्लेअर कंपनीच्या ‘स्पेक्ट्रम’ची परवानाप्राप्त आवृत्ती पुण्याच्या डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्सने ‘डीबी स्पेक्ट्रम प्लस’ या नावाने विकली. घरचा दूरदर्शन-संच हाच तिचा पडदा आणि गाण्यांची कॅसेट हेच तिचे संग्रहसाधन. केंद्र सरकारच्या ‘क्लास’ या शालेय संगणक-साक्षरता प्रकल्पातून १९८४-८५ पासून ‘बीबीसी मायक्रो’ यंत्रे शाळांत पोचली. नोव्हेंबर १९८४ च्या नव्या संगणक-धोरणानंतर आयबीएम-सदृश व्यक्तिगत संगणक कार्यालयांतून दिसू लागले. आज जीर्णोद्धारासाठी हाती येतात ती बहुतांशी याच तीन जातींची यंत्रे. ती शाळेच्या अडगळीत, घराच्या माळ्यावर किंवा निर्लेखित सामानाच्या लिलावानंतर कबाड्याच्या ढिगात सापडतात.

नागपुरात या यंत्रांना दोन ऋतूंशी झगडावे लागते. मे महिन्यात पारा पंचेचाळीस अंशांपलीकडे जातो. त्या कोरड्या हवेत मनुष्याच्या अंगावर साचणारा स्थिर विद्युत्भार नाजूक स्मृति-चिप निकामी करण्यास पुरेसा असतो. उपाय म्हणून कूलर लावावा, तर त्याच्या ओल्या वाळ्यातून येणारा वारा दमटपणा आणि धूळ दोन्ही घेऊन येतो. ही ओलसर धूळ मंडलपटावर बसली की दोन जवळच्या वाहकरेषांमध्ये गळतीची वाट तयार होते. पुढे पावसाळ्याचे चार महिने बुरशीचे. यास्तव कूलरचा झोत कामाच्या टेबलावर येणार नाही अशी बैठक योजणे आणि सुटे भाग हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवणे, या दोन गोष्टी येथील छांदिष्टाला उपकरणांइतक्याच अगत्याच्या ठरतात.

कामाचा पहिला नियम निषेधात्मक आहे: आणलेले यंत्र लगेच विजेला जोडू नये. पंचवीस-तीस वर्षे स्वस्थ पडलेल्या विद्युत्-धारित्रांतील, म्हणजे बाजारात ज्यांना कॅपॅसिटर म्हणतात त्यांतील, द्राव वाळलेला असतो. बीबीसी मायक्रोच्या वीजपुरवठा-पेटीत तर धातूचा मुलामा दिलेल्या कागदाची काही धारित्रे असतात. त्यांच्या पारदर्शक कवचास कालांतराने तडे जातात, तड्यांतून ओल शिरते, आणि यंत्र चालू केल्यावर काही मिनिटांत धारित्र फुटून खोली उग्र धुराने भरते. बहुधा यंत्र त्यानंतरही चालतच राहते, ही त्यातली मौज. जाणता मनुष्य ही धारित्रे आधीच बदलतो. रेडिओ-दुरुस्तीच्या दुकानांतून पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला ‘सिरीज बोर्ड’ येथेही उपयोगी पडतो. यंत्राच्या मालिकेत एक साधा बल्ब जोडलेला असतो. आत कोठे दोन तारांचा अपघाती संयोग असेल तर तो बल्ब पूर्ण तेजाने पेटतो आणि यंत्र वाचते.

‘स्पेक्ट्रम’च्या बाबतीत उष्णतेचा प्रश्न अधिक तीव्र आहे. त्यास बाहेरून नाममात्र नऊ व्होल्टचा पुरवठा होतो व आतील नियामक त्याचे पाच व्होल्ट करतो. मधला फरक उष्णतेच्या रूपाने वाया जातो. घरातील वीजदाब वाढला की नवाचे अकरा होण्यास वेळ लागत नाही. समजा प्रवाह ०.८ अँपिअर आहे, तर नियामकातून ४.८ वॉट उष्णता त्या लहानशा बंद पेटीत सतत सुटणार, आणि खोली स्वतःच चाळीस अंशांची असेल तर ती जाणार कोठे? म्हणून जुना नियामक काढून तेथे उष्णता न करणारा आधुनिक परिवर्तक बसविण्याची प्रथा पडली आहे. या प्रथेवर पुढे आक्षेपही येतो, त्याचा विचार यथास्थळी करू.

या यंत्रातील निदानाची पद्धती मोठी उद्बोधक आहे. पडद्यावरील चित्र ज्या १६ किलोबाइट स्मृतीत साठते, ती आठ चिपांची मिळून झालेली असते. प्रत्येक बाइटमधील आठ बिटांपैकी एकेक बिट एकेका चिपच्या वाट्यास येतो. चित्राच्या प्रत्येक आडव्या ओळीत २५६ ठिपके, म्हणजे ३२ बाइट. आता आठांपैकी एक चिप पूर्णतः निकामी झाली, तर प्रत्येक बाइटमधील एकाच स्थानाचा ठिपका बिघडणार; परिणामी पडद्यावर समान अंतरावर ३२ उभ्या रेषा उमटतात. रेषा कोणत्या स्थानी आहे हे मोजले की कोणती चिप गेली ते कोणत्याही मापकाशिवाय कळते.

मात्र चिप बदलून भागत नाही. या जुन्या चिपांना पाच, बारा आणि उणे पाच असे तीन व्होल्टदाब लागतात. शेवटचे दोन एका लहान ट्रान्झिस्टर-दोलकातून निर्माण होतात. उणे पाचचा दाब नाहीसा झाला की चिपा मरतात. उलट एखादी चिप आतून जुळून गेली की दोलकाचा ट्रान्झिस्टर जळतो. कार्य कोणते आणि कारण कोणते हे न तपासता नवा ट्रान्झिस्टर बसविणाराला तो दुसऱ्या मिनिटाला पुन्हा जळालेला दिसतो. जाता जाता एक गोष्ट नोंदविण्यासारखी आहे. उरलेल्या ३२ किलोबाइटांसाठी सिंक्लेअर कंपनीने अर्धा भाग सदोष असलेल्या ६४ किलोबिटच्या चिपा स्वस्तात घेतल्या व त्यांचा चांगला अर्धाच वापरला. मूळ उत्पादकाच्या या काटकसरीची कल्पना नसलेला दुरुस्तीकार चांगल्या चिपेस वाईट ठरवू शकतो.

व्यक्तिगत संगणकांचा शत्रू निराळा आहे. १९९० च्या आसपासच्या अनेक मंडलपटांवर घड्याळ चालू ठेवण्यासाठी निकेल-कॅडमियमची एक घटमाला डाख देऊन बसविलेली असे. ती कालांतराने पाझरते. तिच्यातील अल्कली तांब्याच्या रेषांवर पसरते आणि हिरवट-निळा थर धरतो. तांब्यापितळेच्या भांड्यावर चढणारा कळंक घरोघर परिचित आहे. येथे त्याचा नातेवाईकच केसासारख्या बारीक रेषांना खात असतो. घट कापून काढावयाचा, शिर्का किंवा लिंबाचा रस कापसाच्या बोळ्याने लावून अल्कली निष्प्रभ करावयाची, शुद्ध पाण्याने व नंतर आयसोप्रोपिल अल्कोहोलने धुवावयाचे, आणि तुटलेल्या रेषा बारीक तारेने जोडावयाच्या, असा क्रम आहे.

विदर्भातील वाचकास येथे ताम्रपटांची आठवण झाल्यास ते साहजिक होय. वा. वि. मिराशी यांनी संपादिलेला वाकाटकांच्या कोरीव लेखांचा संग्रह १९६३ साली प्रसिद्ध झाला; त्यातील कितीतरी लेख या प्रदेशात सापडलेल्या तांब्याच्या पत्र्यांवरील आहेत. ताम्रपट हाती आल्यावर तो किती आणि कसा स्वच्छ करावयाचा, हा वाचनाइतकाच महत्त्वाचा निर्णय असतो. कारण कळंकाबरोबर अक्षराची रेघही जाऊ शकते. संगणकाच्या बाबतीत हा विवेक अजून पुरेसा रुजलेला नाही. ‘जीर्णोद्धार’ हा शब्दच सावध करणारा आहे. देवळांच्या जीर्णोद्धारात जुने दगड तैलरंगाने माखलेले आणि मूळ फरशीवर चकचकीत लाद्या बसविलेल्या आपण पाहतोच. तद्वत् ज्या ‘स्पेक्ट्रम’मध्ये नियामक नवा, कळफलक नवा, स्मृती नवी आणि कंपनीची खास चिपही आधुनिक प्रतिकृतीने बदललेली, तो चालतो उत्तम, परंतु १९८० च्या दशकातील वस्तू म्हणून त्याची साक्ष किती घ्यावयाची? चालते यंत्र आणि साक्षीदार यंत्र ही दोन भिन्न उद्दिष्टे आहेत. नागपूरच्या उन्हाळ्यात यंत्र चालवावयाचे असल्यास नियामक बदलणे क्षम्यच नव्हे तर आवश्यक मानावे लागेल. मात्र काढलेला भाग चिठ्ठी लावून जपणे आणि केलेल्या प्रत्येक फेरफाराची तारीखवार नोंद ठेवणे, यास कोणताही उन्हाळा आड येत नाही. संहितेचा संपादक मूळ पाठ तळटीपेत देतो. त्याहून ही अपेक्षा अधिक नाही.

पाठचिकित्सेशी असलेले हे साम्य केवळ उपमेपुरते नाही. संगणकाची मूळ आज्ञावली ज्या ईप्रॉम चिपांत असते, त्यांत अक्षरे विद्युत्भाराच्या रूपाने कोंडलेली असतात. चिपेच्या काचेच्या खिडकीवरील कागद निघाला, तिच्यावर ऊन पडले, किंवा नुसतीच दशके उलटली, तरी हा भार झिरपू शकतो. म्हणून जाणते छांदिष्ट प्रथम चिप वाचून तिची प्रत करतात, आणि त्याच यंत्राच्या दोन-तीन नगांतील प्रती बाइटनिहाय ताडून पाहतात. भेद आढळला तर तो उत्पादकाने केलेला सुधार आहे की काळाने केलेली झीज, हे ठरवावे लागते. हस्तलिखितांचे पाठभेद जुळविणाऱ्यास ही अडचण परकी वाटू नये. अशी प्रत करण्यास कायदाही सर्वस्वी प्रतिकूल नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या ५२ व्या कलमान्वये कायदेशीर ताबा असणाऱ्यास नाश वा हानीपासून तात्पुरते संरक्षण म्हणून आज्ञावलीची प्रत करता येते.

आता मराठी लेखनाकडे वळू. व्यक्तिगत संगणकावर देवनागरी आणण्याचे आरंभीचे मोठे काम कानपूरच्या आयआयटीत झाले आणि मोहन तांबे यांच्या नेतृत्वाखाली पुण्याच्या सी-डॅकमध्ये, जी संस्था १९८८ साली स्थापन झाली, पुढे गेले. त्यातून आलेले ‘जिस्ट कार्ड’ संगणकाच्या खाचेत बसवले की इंग्रजीसाठी लिहिलेल्या आज्ञावलींतही देवनागरी टंकता येई. भारतीय लिप्यांसाठी ‘इस्की’ ही संकेतप्रणाली १९९१ साली भारतीय मानक झाली. त्याच वर्षी निघालेल्या युनिकोडच्या पहिल्या आवृत्तीतील देवनागरी विभागाचा आधारही १९८८ ची इस्की हाच होता. त्यामुळे इस्कीतील मजकूर आज युनिकोडमध्ये आणणे तुलनेने सुकर आहे. खरी गुंतागुंत त्यानंतरच्या छपाई-प्रणालींनी केली. त्यांच्या फाँटांत अक्षरांना नव्हे तर अक्षरांच्या तुकड्यांना, म्हणजे काना, वेलांटी, अर्धे व्यंजन यांना, संकेत दिलेले असत आणि प्रत्येक निर्मात्याचे संकेत निराळे. तो फाँट हाती नसेल तर फाइल उघडते, पण तिच्यात अर्थहीन चिन्हांची रांग दिसते. शिवाय यांपैकी अनेक प्रणाली संगणकाच्या मुद्रक-जोडणीत खोचावयाच्या ‘लॉक’वर चालत. ते लहानसे कुलूप हरवले की प्रणाली उघडत नाही. आणि ते जपून ठेवले असले तरी आजच्या संगणकास ती जोडणीच नसते.

येथे घरगुती जीर्णोद्धाराचे महत्त्व स्पष्ट होते. त्या काळच्या प्रबंधांचे मसुदे, स्थानिक नियतकालिकांची जुळणी, शब्दकोशांच्या नोंदी ज्या चकत्यांवर राहिल्या, त्या वाचण्यास जुने यंत्र दोन प्रकारे लागते: एक, चकती वाचण्यासाठी, दुसरे, रूपांतर बरोबर झाले की नाही याचा साक्षीपाठ म्हणून. सव्वापाच इंचाच्या चकतीवर चाळीस वर्तुळे, दोन बाजू, प्रत्येक वर्तुळात ५१२ बाइटांचे नऊ खंड, म्हणजे ३६० किलोबाइट मावतात. एखादा खंड झिजला असेल तर सामान्य यंत्र दोष दाखवून थांबते. ‘ग्रीझवीझल’सारखे आधुनिक साधन मात्र चुंबकीय दिशा प्रत्येक वेळी किती काळाने पालटली ते मोजून जसेच्या तसे नोंदविते, मग अर्थ लावण्याचा प्रयत्न चकतीला पुन्हा हात न लावता हवा तितक्या वेळा करता येतो. हे महत्त्वाचे अशासाठी की, बुरशी धरलेली चकती न धुता यंत्रात घातली की वाचक-शीर्ष मळते, आणि ते मळलेले शीर्ष पुढच्या निर्दोष चकतीचाही थर खरवडते. साहजिकच संग्रहातील सर्वांत खराब चकती सर्वांत शेवटी घेतात.

१ मे २०१२ पासून ई-कचऱ्याविषयीचे नियम अमलात आले आणि टाकाऊ उपकरणे अधिकृत पुनर्चक्रणकर्त्यांकडे जावीत अशी व्यवस्था झाली. शिसे आणि कॅडमियम उघड्यावर जाळले जाऊ नयेत, हे योग्यच. परंतु निर्लेखनाच्या यादीत ‘जुना संगणक, एक नग’ एवढीच नोंद असते. त्याच्या खाचेत जिस्ट कार्ड आहे काय, मागच्या जोडणीत लॉक राहिले आहे काय, शेजारच्या खणात चकत्यांचा डबा आहे काय, हे यादी करणारा पाहत नाही. विभागातील यंत्रे निर्लेखित होण्यापूर्वी त्यांची पेटी उघडून या तीन गोष्टी पाहण्यास एका विद्यार्थ्याची एक दुपार लागते. चकत्या मिळाल्यास त्यांवर शाईच्या पेनाने नवी चिठ्ठी लिहून चिकटवावी, चिकटविलेल्या चिठ्ठीवर बॉलपेन दाबून लिहू नये. आणि पावसाळा संपेपर्यंत त्या वाचण्याची घाई करू नये.