सात किलोंत कडक इस्त्री

पहाटेचं मुंबई-दिल्ली विमान आणि अकराला बैठक असा बेत असला की शर्टाला इस्त्री रात्री उशिरा होते आणि शर्ट ऊन ऊन असतानाच बॅगेत जातो. तो चुरगळायला सुरुवात होते ती तिथेच.

सुती धाग्यातल्या सेल्युलोजच्या साखळ्या हायड्रोजन बंधांनी एकमेकींना धरून असतात. ओल आणि उष्णता मिळाली की हे बंध सुटतात, साखळ्या सरकतात आणि कापड सुकताना ज्या आकारात असेल त्याच आकारात नव्याने बांधल्या जातात. इस्त्री बसते ती यामुळेच, आणि चुण्या पडतात त्याही यामुळेच. इस्त्रीनंतर कपडे निदान अर्धा तास हँगरवर टांगावेत, पावसाळ्यात पंख्याखाली. पुढच्या सगळ्या युक्त्यांपेक्षा ही एक सवय मला मोलाची वाटते.

कापडही पारखून घ्यावं. लिनन दिसतं देखणं, पण प्रवासात सगळ्यात आधी तेच चुरगळतं. लोकरीचा धागा मुळातच कुरळा, दाब निघाला की पूर्ववत होणारा. म्हणून लोकरी सूट प्रवासाला उत्तम. पॉलिएस्टर साधारण 70 ते 80 अंश सेल्सिअसला मऊ पडायला लागतं, त्यामुळे बॅगेतल्या उष्णतेचं त्याला काही वाटत नाही. ‘रिंकल-फ्री’ सुती शर्टाच्या मागे रूथ बेनेरिटो आणि त्यांच्या सहकाऱ्यांचं संशोधन आहे. अमेरिकी कृषी खात्याच्या न्यू ऑर्लिन्सच्या प्रयोगशाळेत त्यांनी सेल्युलोजच्या साखळ्या रसायनांनी एकमेकींना कायमच्या जोडल्या. साखळ्या सरकल्याच नाहीत, तर चुणी टिकणार कशी?

खरी कसोटी कोटाची. कॉलर उभी करायची. डावा खांदा उलटा करून अस्तर बाहेर काढायचं आणि त्या पोकळीत उजवा खांदा सुलटाच बसवायचा. दोन्ही बाह्या आत राहतात, बाहेर दिसतं ते बहुतेक अस्तरच. मग कमरेशी दुमडताना मध्ये गुंडाळलेला स्वेटर ठेवायचा, म्हणजे घडी गोल पडते, तिला धार येत नाही. वरून ड्रायक्लीनरची पातळ प्लास्टिकची पिशवी चढवली की कापड कापडावर घासण्याऐवजी घसरतं.

पँटचे पाय बॅगेच्या काठाबाहेर सोडून त्यावर शर्ट रचावेत आणि शेवटी पाय वरून आत घ्यावेत. कॉलरच्या आत गुंडाळलेला पट्टा ठेवला की ती दबत नाही. बूट चाकांच्या बाजूला, कारण बॅग उभी केली की सगळं वजन तिकडे जातं. बॅग अर्धी रिकामी असेल तर कपडे आत घसरून चुरगळतात. फटींत मोजे भरावेत. देशांतर्गत विमानांत हातातल्या बॅगेला साधारण 7 किलोंची मर्यादा असते, तेव्हा कोट अंगावर घालून निघालेलंच बरं.

बैठकीला सुती साडी नेसणाऱ्यांनी प्रवासापुरती खळ हलकी ठेवावी. कडक खळीवर दाबाच्या रेषा हट्टाने बसतात. साडी लांबीत दुमडून सैल गुंडाळी करावी. जरीची असेल तर जर आतल्या बाजूला आणि वरून जुनं मलमल.

मुक्कामी पोहोचल्यावर आधी बॅग उघडावी. लोकरी कोट न्हाणीघरात टांगून दार लावावं आणि गरम पाणी सोडून अंघोळ उरकावी. वाफेने बऱ्याच चुण्या जातात. सुती शर्टाला एवढ्याने भागत नाही. त्यावर पाणी शिंपडून हाताने ताणावं किंवा सरळ रिसेप्शनला इस्त्री मागावी. आणि तो पुरता सुकल्याशिवाय अंगात घालू नये. ओलसर शर्टाने टॅक्सीत टेकून बसलं की पाठीवर नव्या चुण्या उमटतात.