चोरवाटेने आलेली कला

एप्रिल २०२० मध्ये फिनलंडने आपल्या जिवंत सांस्कृतिक वारशाच्या राष्ट्रीय यादीत डेमोसीनचं नाव घातलं. पुढच्या वर्षी जर्मनी आणि पोलंडने तेच केलं, २०२३ मध्ये नेदरलँड्सने. या यादीत सहसा लोकसंगीत, विणकाम, सणवार असतात. तिथे आता कॉम्प्युटरवर प्रोग्रॅम लिहून दृश्य-संगीताचे तुकडे रचणारी मंडळीही जाऊन बसली. गंमत अशी, की हा वारसा चोरीच्या मालावर वाढला आहे.

कमोडोर ६४ हा कॉम्प्युटर १९८२ चा. चौसष्ट किलोबाइट मेमरी, जेमतेम एक मेगाहर्ट्झचा वेग. उत्तर आणि पश्चिम युरोपात तो घरोघरी पोचला आणि शाळकरी पोरांच्या ताब्यात गेला. गेम महाग होते, कॉपी करता येऊ नयेत म्हणून त्यांना कुलपं घातलेली असत. ही कुलपं फोडणाऱ्या टोळ्यांना श्रेय हवं असायचं. म्हणून गेम सुरू होण्याआधी त्यांची पाटी झळकायची: सरकती अक्षरं, हेलकावणारे रंगीत पट्टे, जोडीला सिड या आवाजाच्या चिपवर वाजणारी धून. पाटी अधिक देखणी कोणाची, यावर चुरस लागली. काही वर्षांत गेम गळून पडला आणि नुसती पाटी उरली. तिलाच डेमो म्हणू लागले.

घरोघरी इंटरनेट नव्हतं, त्यामुळे डेमो फ्लॉपीवर चढून टपालाने फिरायचे. प्रत्येक ग्रुपमध्ये एक ‘स्वॅपर’ असे. देशोदेशी पाकिटं पाठवणं हेच त्याचं काम. पोस्टाचा खर्च परवडत नसे, मग तिकिटावर गोंदाचा पातळ थर द्यायचा. शिक्का त्या थरावर उमटे, पाकीट मिळालेला तो पुसून टाके आणि तिकिटं परत धाडे. गेम फुकट, टपालही फुकट!

पण या पोरांची खरी हुशारी बघायची तर कमोडोरच्या पडद्याची चौकट बघावी. चित्राभोवती जाड रंगीत कड असे आणि तिच्यावर काही काढता येत नाही, असं यंत्र बनवणाऱ्यांनीच ठरवलेलं. पडदा वरून खाली रेषेरेषेने रंगतो. मजकुराच्या पंचवीस ओळी दाखवायच्या असतील तर चित्र काढणारी चिप २५१ व्या रेषेला खालची कड सुरू करते, चोवीस दाखवायच्या असतील तर २४७ व्या. पोरांनी काय केलं, रेषा २४८ ते २५० च्या दरम्यान असताना चिपला सांगितलं, आता चोवीसच ओळी. तिच्या लेखी कड सुरू करायची वेळ टळून गेली होती, आणि २५१ व्या रेषेशी तिला आता काही कर्तव्य नव्हतं. कड उमटलीच नाही. त्या उघड्या पट्टीत मग अक्षरं नाचवली गेली. हे कुठल्याही माहितीपुस्तकात नव्हतं.

पुढे अमिगा हा कॉम्प्युटर आला, आणि १९८७ मध्ये जर्मनीच्या कार्स्टन ओबार्स्कीने त्यासाठी ‘साउंडट्रॅकर’ हा संगीत रचण्याचा प्रोग्रॅम लिहिला. चार चॅनेल, आकड्या-अक्षरांच्या चार रांगा वर सरकत जातात आणि संगीत वाजतं. यातल्या फाइलमध्ये सुरावटीबरोबर वाद्यांचे नमुनेही असत. त्यामुळे दुसऱ्याची रचना उघडून ती कशी बांधली आहे ते ओळीओळीने पाहता येई. कित्येक संगीतकार अशी उचलेगिरी करतच शिकले.

कॉपी करायला जमणाऱ्या पोरांचे मेळावे मोठे होत गेले. डेन्मार्कमध्ये १९९१ साली ‘द पार्टी’, १९९२ मध्ये नॉर्वेत ‘द गॅदरिंग’ आणि फिनलंडमध्ये ‘असेंब्ली’. मोठ्या पडद्यावर डेमो चालवायचा आणि जमलेल्यांनीच मतं द्यायची. १९९३ च्या ‘असेंब्ली’त फ्यूचर क्रू या ग्रुपचा ‘सेकंड रिअ‍ॅलिटी’ पहिला आला. तोवर पीसी म्हणजे ऑफिसातलं हिशेबाचं यंत्र, अमिगावाल्यांच्या चेष्टेचा विषय. ती चेष्टा इथून कमी झाली. १९९७ मध्ये स्मॅश डिझाइन्स या ग्रुपने तोच डेमो कमोडोर ६४ वर करून दाखवला, हा हट्ट मात्र मूळ डेमोइतकाच दाद देण्याजोगा.

यातली काही मंडळी गेमच्या धंद्यात उतरली. स्वीडनच्या ‘डाइस’ कंपनीची मुळं ‘द सायलेंट्स’ या अमिगा ग्रुपमध्ये आहेत, तर ‘मॅक्स पेन’ करणाऱ्या रेमेडीची फ्यूचर क्रूमध्ये.

नव्वदच्या दशकाच्या अखेरीस थ्रीडी ग्राफिक्स कार्डं आली आणि पंचाईत झाली. यंत्राला सगळंच येतं म्हटल्यावर चकित कशाने करायचं? त्या काळातले बरेचसे डेमो आज पाहताना साधारण म्युझिक व्हिडिओसारखे वाटतात. वाचवलं ते प्रोग्रॅमच्या आकारावरच्या बंधनाने. ६४ किलोबाइट आणि ४ किलोबाइटच्या स्पर्धा आधीपासून होत्या, आता त्यांना धार चढली. २००० च्या ‘द पार्टी’त जर्मनीच्या फारब्राउश या ग्रुपने ‘द प्रॉडक्ट’ आणला: कित्येक मिनिटांची त्रिमितीय सफर, संगीतासह, ६४ किलोबाइटच्या आत. त्यात तयार चित्रं साठवलेलीच नव्हती. साठवली होती ती चित्र काढण्याची कृती. प्रोग्रॅम सुरू झाला की भिंतींचे पोत, आकार, आवाज सगळं जागच्या जागी तयार व्हायचं.

२००९ मध्ये ‘एलिव्हेटेड’ या डेमोने ४ किलोबाइटमध्ये बर्फाच्छादित डोंगररांगा उभ्या केल्या. त्यामागचा इनिगो क्विलेझ पुढे पिक्सारच्या ‘ब्रेव्ह’ चित्रपटातल्या रानाच्या कामात होता, आणि २०१३ मध्ये त्याने एका सहकाऱ्यासोबत ‘शेडरटॉय’ हे संकेतस्थळ उभं केलं. कुणाचाही कोड तिथे उघडून वाचता येतो.

ही दुनिया बव्हंशी पुरुषांचीच राहिली. बायका पूर्वी मोजक्या होत्या, आजही थोड्याच आहेत. पोरं मात्र म्हातारी होत चालली तरी जुनी यंत्रं सोडत नाहीत. २०१५ मध्ये जर्मनीतल्या ‘रिव्हिजन’ मेळाव्यात ‘८०८८ एमपीएच’ या डेमोने १९८१ च्या आयबीएम पीसीवर हजाराहून अधिक रंग दाखवले. त्या पीसीच्या ग्राफिक्स कार्डावर चित्रात एका वेळी चारच रंग मिळायचे.

ईस्टरला भरणारं ‘रिव्हिजन’ २०२० मध्ये कोविडच्या साथीमुळे ऑनलाइन भरलं. तिथे हेलमूड नावाच्या प्रोग्रॅमरच्या ‘मेमरीज’ने २५६ बाइटच्या स्पर्धेत बाजी मारली. मराठीतलं प्रत्येक अक्षर, काना आणि मात्रा कॉम्प्युटरमध्ये सहसा तीन-तीन बाइट घेते, त्यामुळे तुम्ही आत्ता वाचताय ते हे वाक्यसुद्धा २५६ बाइटमध्ये मावणार नाही. ‘मेमरीज’मध्ये तेवढ्यात एकामागून एक वेगवेगळी दृश्यं आहेत आणि संगीतही. त्यातला कोणता तुकडा काय करतो, हे हेलमूडने नंतर सविस्तर लिहून सगळ्यांसाठी खुलं केलं. ते स्पष्टीकरण अर्थात मूळ प्रोग्रॅमच्या कितीतरी पट लांब आहे.