चाकणला राहतं कोण, मोजलं जातं कोण

चाकणच्या आसपास कुठल्याही पारावर बसा, एक प्रश्न हमखास कानावर येतो: एवढ्या कंपन्या, एवढा कर, मग ग्रामपंचायतीला गटार बांधायला पैसे कसे नाहीत? प्रश्न रास्त आहे, पण कंपनीचा कर गावात उरतो ही समजूत खोटी. माल जिथे खपतो त्या राज्याला जीएसटीचा वाटा मिळतो. चाकणला बनलेली गाडी कोचीत विकली, तर राज्याचा हिस्सा केरळचा. प्राप्तिकर केंद्राचा. ग्रामपंचायतीच्या हाती राहते ती मुख्यतः इमारती-जमिनींवरची पट्टी. तीही कारखान्याशी करार करून ठोक रकमेवर आणता येते, तशी तरतूद 1958 च्या ग्रामपंचायत कायद्यातच आहे. कंपनीची उलाढाल दुप्पट झाली म्हणून घरपट्टी दुप्पट होत नाही.

आता दुसरी समजूत: एमआयडीसी आली की रस्ते, पाणी, दिवे आपोआप येतात. येतात, पण हद्दीपुरते. 1962 साली स्थापन झालेलं हे महामंडळ आपल्या अधिसूचित क्षेत्रात रुंद रस्ते करतं, पाणी देतं, अग्निशमन केंद्रही चालवतं. कामगार मात्र राहतो हद्दीबाहेर, नाणेकरवाडीत, खराबवाडीत, कुरुळीत, म्हाळुंग्यात. शेतात ओळीने बांधलेल्या दहा बाय दहाच्या खोल्या, सामाईक संडास, एक पाळी कामावर गेली की दुसरी त्याच गादीवर आडवी. सांडपाणी ओढ्यात. पाळी सुटल्यावर तळेगाव चौकात किंवा आंबेठाण चौकात अडकून पडलेल्या माणसाला हद्दीच्या आतल्या गुळगुळीत रस्त्याचा उपयोग तो काय?

खरं दुखणं मोजणीत आहे. मैदानी भागात 30 हजार लोकांमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र, 5 हजारांमागे एक उपकेंद्र असा निकष आहे, आणि लोकसंख्या धरायची जनगणनेची. शेवटची जनगणना 2011 ची. तेव्हा चाकणची लोकसंख्या 41 हजारांच्या घरात होती. फोक्सवॅगनचा कारखाना 2009 मध्ये सुरू झालेला, म्हणजे खोल्यांची खरी लाट यायची होती. 2015 मध्ये चाकण नगरपरिषद झाली, पण आकडा तोच जुना. वित्त आयोगाचा निधीही त्याच आकड्यावर. नांदेडहून, लातूरहून, बिहारहून आलेला माणूस कागदावर अजून आपल्या गावीच आहे. त्याच्या वाट्याचं औषध आणि निधी तिकडे जातो, आणि ताप आला की तो रांगेत उभा राहतो इकडे.

शाळेचंही तेच. झेडपीच्या शाळेत किती शिक्षक द्यायचे, ते संचमान्यतेत 30 सप्टेंबरच्या पटावरून ठरतं. दिवाळीनंतर बिऱ्हाड घेऊन आलेल्या कुटुंबाची पोरं वर्गात बसतात, पण त्या हिशोबात नसतात. गुरुजी तेवढेच, आणि वर्गात चार भाषा.

कामगारांना ईएसआय असतो, तेव्हा सरकारी दवाखान्यावर भार कशाला, असंही विचारतात. ईएसआयची वेतनमर्यादा 2017 पासून महिना 21 हजार रुपये आहे. त्यावर गेलेला कामगार सहसा बाहेर, आणि वडापाववाला, रिक्षावाला, धुणीभांडी करणारी बाई तर कधी आतच नव्हती. ज्याला ईएसआय आहे त्यालाही मोठ्या आजारात चिंचवडच्या मोहननगरपर्यंत जावं लागतं. रात्री पोर फणफणलं तर तो जवळच्या 30 खाटांच्या ग्रामीण रुग्णालयातच धावणार.

सीएसआरबद्दल थोडक्यात: ज्या कंपन्यांना तो लागू आहे त्यांनी मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या 2 टक्के रक्कम खर्च करायची असते. कायदा कामाच्या ठिकाणच्या परिसराला प्राधान्य द्या म्हणतो, तिथेच खर्च करा म्हणत नाही. त्यातून शाळेची खोली बांधून मिळेल. शिक्षकाचा कायमचा पगार निघणार नाही.

आणि सगळ्यात सोयीचा गैरसमज: बाहेरच्यांनी सेवांवर ताण आणला. ही बहुतेक कमावत्या वयाची माणसं. त्यांच्या भाड्यावर इथल्या कित्येक घरांची चूल आणि बंगल्याचा मजला उभा आहे. स्थानिकांना 80 टक्के नोकऱ्या देण्याच्या सरकारी धोरणातसुद्धा ‘स्थानिक’ म्हणजे राज्यात 15 वर्षं राहिलेला. खेड तालुक्यातला नव्हे. म्हणजे हे येणं धोरणातच धरलेलं होतं, त्यांच्यासाठी नळ धरला नव्हता.

मनात आणलं तर यंत्रणा हलते. 15 ऑगस्ट 2018 ला पिंपरी-चिंचवड पोलिस आयुक्तालय सुरू झालं, आणि चाकण ग्रामीण पोलिसांकडून त्यात गेलं. बंदोबस्ताला सरकारने जनगणनेची वाट पाहिली नाही.

आता 1 मार्च 2027 हा संदर्भदिन धरून जनगणना व्हायची आहे. प्रगणक दुपारी येईल तेव्हा निम्म्या खोल्यांना कुलूप असेल आणि उरलेल्यांत रात्रपाळीवाले झोपलेले. घरपट्टी वाढेल या धास्तीने खोलीमालकाने दहाचे चार भाडेकरू सांगितले, तर पुढची कित्येक वर्षं दवाखाना त्या चौघांपुरताच मिळेल. तेव्हा नगरपरिषदेने आणि ग्रामपंचायतींनी आतापासूनच खोल्यांची यादी करावी, आणि प्रगणकांना पाळ्यांच्या वेळा कळवाव्यात.