खोकला थांबला, मग गोळ्या कशाला?



"सिस्टर, खोकला थांबला, ताप गेला. मग सहा महिने गोळ्या कशाला खायच्या?"

भाईंदर पूर्वेला आमच्या विहारात एका रविवारी सकाळी एका ताईंनी हा प्रश्न विचारला. विषय होता टीबी, म्हणजे क्षयरोग. उत्तर देण्याआधी मी त्यांच्यासमोर एक ताट ठेवले. त्यात मूठभर हरभरे आणि मूठभर राई एकत्र केली होती. म्हटले, "हे टीबीचे जंतू समजा. दोन मिनिटांत वेचून काढा." हरभरे भराभर निघाले, राई ताटातच राहिली.

टीबीचेही असेच आहे. जोमाने वाढणारे जंतू पहिल्या दोन महिन्यांच्या औषधाने बहुतेक मरतात, म्हणून माणसाला बरे वाटते. पण सुस्त पडून राहिलेले थोडे जंतू उरतात. नेहमीच्या टीबीत ते संपवायला पुढचे चार महिने लागतात. मध्येच गोळ्या सोडल्या तर हेच जंतू पुन्हा वाढतात आणि त्यांतले काही औषधाला दाद न देणारे होऊ शकतात.

ताई म्हणाल्या, "हे दवाखान्यात कुणी सांगितलंच नाही."

ते वाक्य मला लागले. कारण वॉर्डात असताना मीही ते सांगितले नव्हते. नाक्यावर उभे राहून काम मिळवणारे एक काका आमच्याकडे उपचार घेत होते. "गोळ्या चुकवू नका हं काका," एवढे म्हणून मी पुढच्या खाटेकडे वळले. अडीच महिन्यांनी त्यांना बरे वाटू लागले. रोजी बुडवून औषध आणायला जाणे त्यांनी थांबवले. पुन्हा आले तेव्हा नेहमीची औषधे लागू पडत नव्हती. काका वाचले नाहीत. फाइलवर शेरा पडला, 'रुग्णाने उपचार सोडले.' त्यांना 'का' हे कुणी सांगितले होते, याचा रकाना फाइलमध्ये नव्हता.

म्हणून आता महिन्यातला एक रविवार आम्ही 'का' साठी ठेवला आहे.

ही कल्पना माझी नाही. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी जानेवारी २००९ मध्ये 'चाय अँड व्हाय?' नावाच्या गप्पा सुरू केल्या. रविवारी सकाळी अकरा वाजता, कधी जुहूच्या पृथ्वी थिएटरमध्ये, कधी माटुंग्याच्या रुपारेल महाविद्यालयात. तिकीट नाही, शिक्षणाची अट नाही. हातात चहाचा कप आणि समोर शास्त्रज्ञ. इंग्लंडमधल्या लीड्स शहरात १९९८ साली डंकन डॅलस यांनी कॅफेत बसून विज्ञान बोलण्याची अशीच प्रथा सुरू केली होती. आपल्याकडे मराठी विज्ञान परिषद १९६६ पासून मराठीतून विज्ञान सांगते आहे.

पण भाईंदरहून जुहूला जाऊन यायचे म्हणजे अर्धा दिवस गेला. आठवडाभर लोकलला लटकणारी बाई रविवारी धुणे काढेल, पाणी भरेल, की विज्ञान ऐकायला जाईल? तिला जाता येत नसेल तर विज्ञानाने तिच्या वस्तीत यावे. वैज्ञानिक दृष्टिकोन आणि शोधक बुद्धी जोपासणे हे संविधानाच्या अनुच्छेद ५१-क (ज) नुसार प्रत्येक नागरिकाचे कर्तव्य आहे. ते पार पाडायला बसण्यापुरती जागा तरी हवी. विहारात सतरंजी आहे, पंखा आहे, माणसे ओळखीची आहेत.

आम्ही काही नियम पाळतो. सत्कार नाही, हार नाही, शाल नाही. आपल्या कार्यक्रमांत पाहुण्यांची ओळख होईपर्यंत अर्धी मंडळी उठून जातात, हे सर्वांना ठाऊक आहे. विषय एकच, बोलणे वीस मिनिटे, प्रश्नांना चाळीस मिनिटे. चहा आधीच होतो, म्हणजे बायका शेगडीजवळ अडकत नाहीत. विचारायला लाज वाटली तर चिठ्ठी टाकायची, नाव लिहायचे नाही. उत्तर येत नसेल तर "माहीत नाही, विचारून पुढच्या महिन्यात सांगते" असे सरळ म्हणायचे. आणि कुठलेही औषध, पावडर, काढा विकायला परवानगी नाही.

त्या दिवशी एका चिठ्ठीवर लिहिले होते: "सुनेला टीबी आहे. तिचं ताट वेगळं ठेवायचं का?"

मी ती मोठ्याने वाचली आणि सभा शांत झाली. टीबी ताटाने, कपाने, कपड्याने पसरत नाही. फुप्फुसाचा टीबी असलेला माणूस खोकतो, शिंकतो, तेव्हा जंतू हवेत जातात. म्हणून तोंडावर रुमाल किंवा मास्क हवा, खिडकी उघडी हवी. औषध लागू पडले की काही आठवड्यांत संसर्गाची शक्यता बरीच कमी होते. सुनेला ताट वेगळे नको, पोटभर जेवण आणि वेळेवर गोळ्या हव्यात. वेगळ्या ताटाचे दुःख आपल्या समाजाला दुसऱ्या कुणी सांगायची गरज नाही. ते आपल्याच स्वयंपाकघरात शिरू देऊ नका.

चिठ्ठी कुणाची, हे मी विचारले नाही. पण त्या दिवशी उठताना एक आजी माझा हात धरून बराच वेळ उभ्या होत्या.

तुमच्या वस्तीतही असे बसता येईल. एक रविवार ठरवा. पहिला विषय घरातलाच घ्या: बीपीची गोळी रोज का, मुलीच्या अंगात रक्त कमी का, साखर लघवीत कशी येते. ओळखीची नर्स, शाळेचे विज्ञानाचे सर, लॅबमध्ये काम करणारा मुलगा, यांपैकी कुणीही बोलू शकेल.

आणि तोवर एवढे लक्षात ठेवा. खोकला दोन आठवड्यांहून जास्त असेल, संध्याकाळी ताप येत असेल, वजन उतरत असेल, तर जवळच्या महापालिका आरोग्य केंद्रात थुंकी तपासून घ्या. सरकारी केंद्रात तपासणी आणि औषध मोफत आहे. उपचार सुरू असेपर्यंत निक्षय पोषण योजनेतून आहारासाठी दरमहा पैसेही मिळतात. नोव्हेंबर २०२४ पासून ही रक्कम ५०० वरून १,००० रुपये झाली आहे. गोळ्या घेताना काही कळले नाही, तर सिस्टरला थांबवा आणि विचारा, "का?"