काळ्या पाषाणाचे नाते

मे महिन्याच्या अखेरीस मुंबईच्या उकाड्याला कंटाळून आम्ही सहकुटुंब मॉरिशसला गेलो, तेव्हा निळा समुद्र, पांढरी वाळू आणि मुलांचे मनसोक्त डुंबणे यांपलीकडे कोणाचीच फारशी अपेक्षा नव्हती, परंतु विमानतळाबाहेर पडून मोटार उसाच्या मळ्यांमधून धावू लागली न लागली तोच, जिचे माहेर रत्नागिरीकडचे आणि सासर कोल्हापूरचे अशी माझी ७७ वर्षांची आई खिडकीशी सरसावून म्हणाली, "अरे, इथे उसाला आत्ताच तुरा? आपल्याकडे तर दिवाळीच्या सुमाराला येतो." दक्षिण गोलार्धात ऋतुचक्र उलटे फिरते आणि आपला ग्रीष्म हा तेथला हेमंताचा उंबरठा असतो, हे मुलांना पाठ्यपुस्तकातून ठाऊक होते, पटले मात्र आजीच्या त्या एका वाक्याने.

पहिले दोन दिवस अर्थातच समुद्राचे. या बेटाला जवळजवळ सर्व बाजूंनी प्रवाळांचा तट आहे. महासागराच्या लाटा त्या तटावर आपटून फुटतात, आणि आत उरते ते उथळ, संथ, पाचूसारखे पाणी, की ज्यात पोहता न येणाऱ्यानेही निर्धास्त उभे राहावे. दक्षिण टोकाला ग्री-ग्री येथे हा तट खंडित झाला आहे, आणि तेथे तोच सागर काळ्या कड्यांवर असा काही कोसळतो की आमच्या धाकट्याने न सांगता माझा हात धरला. पांप्लमूसच्या वनस्पती-उद्यानात परातीसारखी उभ्या काठांची पाने पसरणारी महाकमळे पाहिली. त्यांचे फूल पहिल्या रात्री शुभ्र उमलते, दुसऱ्या रात्री गुलाबी होते आणि मग मिटून पाण्याखाली जाते.

मळ्यांमध्ये जागोजाग काळ्या दगडांच्या प्रचंड राशी रचलेल्या दिसतात. या राशी म्हणजे जमीन लागवडीस आणण्यासाठी मजुरांनी हातांनी वेचून काढलेले धोंडे. आईने एक धोंडा निरखून "हा तर आपल्याच डोंगरातला" असा निर्वाळा दिला, तेव्हा मी हसलो. हसायला नको होते. भूशास्त्रात बहुमान्य झालेल्या उपपत्तीनुसार भूगर्भातील ज्या तप्त स्रोतातून सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी दख्खनचा लाव्हा उसळला, त्याच स्रोताने, वरचे भूकवच सरकत गेल्यावर, अवघ्या ८०-९० लाख वर्षांपूर्वी मॉरिशस घडविले. आणि आज तोच अग्नी शेजारच्या रियुनियन बेटाखाली धगधगतो आहे. सह्याद्री आणि हे बेट, दोन्ही एकाच चुलीवरची.

बेटाचा राजकीय इतिहास थोडक्यात आटोपतो: १५९८ मध्ये डचांनी नाव दिले आणि पुढे ऊस आणला, १७१५ मध्ये फ्रेंचांनी अंमल बसविला, १८१० मध्ये इंग्रजांनी तो घेतला, आणि १२ मार्च १९६८ रोजी देश स्वतंत्र झाला. खरा इतिहास पोर्ट लुईच्या बंदरात आहे. आमच्या प्रवासी कंपनीच्या कार्यक्रमपत्रिकेत त्या शहराच्या वाट्याला बाजारहाटाचा एक तास तेवढा होता, आणि जेथे हिंदी मजूर जहाजातून उतरत त्या आप्रवासी घाटाचा नामोल्लेखही नव्हता. आम्ही बाजार सोडला आणि घाटावर गेलो. गुलामगिरी कायद्याने संपुष्टात येत असताना मळेवाल्यांना हात हवे होते, म्हणून २ नोव्हेंबर १८३४ रोजी 'ॲटलस' जहाजातून ३६ हिंदी मजूर येथे उतरले. त्यानंतर १९२० पर्यंत सुमारे पाच लाख माणसे मुदतीच्या करारनाम्यावर आली. याच करारनाम्याचे मजुरांच्या तोंडी 'गिरमिट' झाले. प्रारंभीचा दरमाहा पाच रुपये. जहाजातून उतरलेला मजूर दगडी पायऱ्या चढून आत जाई, तेथे त्याची नोंद होऊन त्याला क्रमांक मिळे, आणि मग त्याची रवानगी एखाद्या मळ्यावर होई. त्या पायऱ्या आजही जागेवर आहेत. आईच्या आजोळचा एक चुलत पणजोबा 'मोरिसला गेला तो गेलाच' अशी कथा घरात होती. आई पायरीशी काही काळ मुकाट उभी राहिली, आणि मुलांनीही तिला घाई केली नाही.

गिरमिट्यांतील मराठी माणसे मुख्यतः कोकणातली. त्यांचे वंशज आज घरात क्रिओल बोलतात, अनेकांच्या पूर्वजाचे पाळण्यातले नावच आडनाव होऊन बसले आहे, तरी शाळांतून मराठी शिकविली जाते, गणेशचतुर्थीला सरकारी सुट्टी असते, आणि कोकणातली जाखडी तेथे 'झाकरी' या नावाने नाचली जाते. किनाऱ्यावर डाळपुरी विकणाऱ्या एका बाईंना आम्ही मराठी असल्याचे कळताच त्यांनी आरतीचे शब्द स्पष्ट म्हणून दाखविले, आणि आईने विचारलेल्या "तुमचं गाव कोणतं?" या प्रश्नावर मात्र केवळ हसून मान हलविली. पैसे घ्यायला त्या तयार नव्हत्या. आईने शेवटी खणाचा तुकडा त्यांच्या हाती ठेवला.

मजुरांच्या नोंदींचे दप्तर, १८६० नंतरच्या काळात काढलेल्या त्यांच्या छायाचित्रांसह, मोका येथील महात्मा गांधी संस्थेत जतन केलेले आहे. वाचकांपैकी कोणाच्या घरी 'दर्यापार गेलेल्या' आप्ताची कथा असेल, तर तिकडे जाताना त्याचे नाव, बापाचे नाव, गाव आणि अदमासे साल एका कागदावर लिहून घेऊन जावे. आम्ही ते नेले नव्हते.