खांदा आखडतो, पण हात कळू देत नाही

मध्यंतरी शिरोली एमआयडीसीत काम करणारे एक गृहस्थ दवाखान्यात आले. वय पन्नाशीच्या आसपास. उजवा खांदा तीन-चार महिने दुखत होता. रात्री त्या कुशीवर झोपता येत नव्हते. बसता बसता म्हणाले, "डॉक्टरसाहेब, आमच्याकडं गरम जॉब उचलायला यांत्रिक हात आलाय. सहा ठिकाणी वळतोय बघा. आन् माझा ह्यो एक खांदा वळंना झालाय!"

मी त्यांना म्हटले, तुमचा हात सहा नव्हे, सात प्रकारे वळतो. वाचकहो, मोजून पाहा. खांदा पुढे-मागे जातो, बाजूला जातो आणि स्वतःभोवती फिरतो. हे झाले तीन. कोपर मिटते-उघडते, चार. कोपराखालचा हात पालथा-उताणा होतो, पाच. मनगट वर-खाली आणि डावे-उजवे होते, सात.

कोणतीही वस्तू हव्या त्या जागी, हव्या त्या दिशेने तोंड करून धरायची तर सहा हालचाली पुरतात. तीन जागेसाठी, तीन दिशेसाठी. म्हणून कारखान्यातल्या यांत्रिक हाताला बहुधा सहाच सांधे असतात, आणि प्रत्येक सांधा किती अंश वळवायचा, मधे खांब आला तर कुठून वळसा घ्यायचा, हे सारे त्याच्या संगणकाला गणित करून ठरवावे लागते. आपल्याला निसर्गाने एक हालचाल जास्तीची दिली आहे. तळहात टेबलावर घट्ट टेकवा आणि तो जागचा न हलवता कोपर आत-बाहेर करा. कोपर खुशाल हलते, हात आहे तिथेच राहतो. ही ती जास्तीची हालचाल.

रशियन शास्त्रज्ञ निकोलाय बर्नस्टाइन (तेही शिक्षणाने डॉक्टरच) यांनी १९२० च्या दशकात मॉस्कोत छिन्नीवर हातोडा मारणाऱ्या कामगारांच्या हाताला छोटे दिवे लावून हालचालींची छायाचित्रे घेतली. हातोडा दर वेळी जवळजवळ एकाच जागी पडत होता, पण खांदा, कोपर, मनगट यांचे कोन दर घावाला थोडे वेगळे होते. एक सांधा कमी पडला की दुसरा भरून काढत होता. उद्यमनगरात उभी हयात काढलेल्या मिस्त्रीला हे सांगायला नको, त्याचा हात हे रोज करतो.

पण ही सोयच खांद्याच्या दुखण्यात फसवते. खांद्याच्या सांध्याभोवती पिशवीसारखे आवरण असते. ते सुजते, जाड होते, आकसते. यालाच 'फ्रोजन शोल्डर' किंवा खांदा आखडणे म्हणतात. हात डोक्यावर नेताना १८० अंशांपैकी साधारण १२० अंश खांद्याचा सांधा देतो आणि ६० अंश पाठीवरचे चपटे हाड सरकून देते. सांधा आखडला की माणूस नकळत हे हाड उचलतो, कंबर वाकवतो, आणि फळीवरचा डबा काढतोच. महाद्वार रोडच्या गर्दीत गाडी बाजूला सरकत नाही, म्हणून आपण दोनदा पुढे-मागे घेऊन ती लावतो, तसेच हे. काम होते, म्हणून दुखणे अंगावर काढले जाते. पाठीमागे हात नेऊन पोलक्याचे बटण लावता येईना किंवा मागच्या खिशातले पाकीट निघेना, तेव्हा मंडळी येतात.

म्हणून तपासताना पळवाट बंद करावी लागते. घरीही करून पाहा. दोन्ही कोपरे काटकोनात वाकवून कमरेला चिकटवा आणि पंजे बाहेरच्या बाजूला वळवा. एक हात दुसऱ्यापेक्षा बराच कमी वळला, आणि दुसऱ्याने हळूच वळवूनही वळेना, तर खांदा आखडत असण्याची शक्यता मोठी. हाताने स्वतः जमत नाही पण दुसऱ्याने उचलला तर सहज जातो, असे असेल तर दुखणे वेगळे. स्नायूची दोरी फाटलेली असू शकते. दोन्हीत डॉक्टरांना दाखवावे.

हा आजार चाळीस ते साठ या वयात जास्त, स्त्रियांत थोडा अधिक आणि मधुमेहींमध्ये तर फारच. त्या गृहस्थांची साखर मी तपासली, ती वाढलेलीच निघाली. त्यांना कल्पनाही नव्हती.

बरे व्हायला वर्ष-दोन वर्षे, कधी त्याहून जास्त लागतात. कोणाकडून हात ओढून, हिसका देऊन घेऊ नये. हात गळ्यात बांधून ठेवणे तितकेच वाईट. पुढे वाकून हात घड्याळाच्या लंबकासारखा झुलवावा, भिंतीवर बोटे चालवत थोडे थोडे वर न्यावे, सोसेल इतकेच. दुखणे फार असल्यास सांध्यात इंजेक्शनचाही उपयोग होतो. मात्र खांदादुखीबरोबर छातीत दडपण, घाम, धाप असेल तर व्यायाम वगैरे काही नाही, तडक रुग्णालय गाठावे. ते हृदयाचे असू शकते.

आमचे गृहस्थ दोन महिन्यांनी पुन्हा आले. साखर आटोक्यात होती, रात्रीची झोप लागू लागली होती, पंजा बाहेर थोडा जास्त वळत होता. पाकीट मात्र त्यांनी डाव्या खिशात हलवले आहे.